मुक्या जीवाचे पारणे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



न्यासाने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, त्याबद्दल प्रथम आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. जीवदयेवर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. जीवदयेची थोरवी या सभागृहास मी सांगावी, अशी माझी योग्यता नाही. ते अधिकारी व्यक्तींचे काम आहे. मी एक पशुवैद्यक आहे. म्हणून जीवदयेच्या एका अगदी लहान, रोजच्या आणि काहीशा संकोचाच्या प्रश्नावर बोलण्याची अनुज्ञा मागतो. रस्त्यावरचे किंवा निवाऱ्यातले कुत्रे आपण घरी आणतो आणि पहिल्या पंधरा दिवसांतच त्याचे पोट बिघडते. उलट्या होतात, जुलाब लागतात, घर घाण होते, घरातील माणसे घाबरतात. त्या वेळी काय करावे आणि काय करू नये, हा आजचा विषय आहे.

हा विषय आपल्या परंपरेला परका नाही. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे मोठा क्षोभ उसळला होता. त्यानंतर १८३४ साली मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या स्थापनेत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे जैन समाज ज्यांना मोतीशा शेठ म्हणून ओळखतो, ते अग्रभागी होते. मुक्या प्राण्यांना आश्रय देण्याचे कार्य त्या काळी संस्थांनी केले. आज ते कार्य काही प्रमाणात घराघरांत आले आहे. आपली मुले रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणतात आणि आईवडील प्रेमाने ते ठेवून घेतात. ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु यातील काही कुत्री महिन्याभरातच परत जातात. कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "डॉक्टर, सारखे जुलाब करते, घरात ठेवणे शक्य नाही." ज्या तक्रारीचा उपाय बहुतेक वेळा चार-आठ दिवसांचा असतो, तिच्यासाठी एक जीव पुन्हा रस्त्यावर जातो. एकदा घराची सवय लागलेले कुत्रे पूर्वीच्या जागी पूर्वीप्रमाणे जगू शकत नाही. तिथल्या कुत्र्यांनी ती जागा व्यापलेली असते. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अपराध आहे, आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात स्पष्ट केले आहे. कायद्याचे भय दाखवावे, हा माझा हेतू नाही. पोटाच्या बिघाडाची नीट माहिती असेल, तर ती वेळच येणार नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पोट का बिघडते?

आपल्याकडे पर्युषण पर्वात अठ्ठाई करणारे तपस्वी असतात. आठ दिवसांच्या उपवासानंतर त्यांचे पारणे कसे होते, हे घरातील माता-भगिनी उत्तम जाणतात. पारण्याला कोणी पुरणपोळी आणि श्रीखंड वाढत नाही. मुगाचे पाणी, पातळ पेय, थोडे थोडे अन्न, आणि तेही सावकाश. पोटाला पुन्हा काम शिकवावे लागते, हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचा घरातील पहिला पंधरवडा म्हणजे त्याचे पारणेच होय. एवढे लक्षात ठेवले, तरी माझ्या व्याख्यानाचा निम्मा हेतू साध्य झाला, असे मी समजेन.

प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. उपाशी, रोडावलेले कुत्रे घरी आले की सर्वांना भरून येते. आजी वाटीभर दूध ठेवतात, मुले बिस्किटे देतात, कोणी तूप लावलेली पोळी भरवतो, कोणी शिरा देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे जुलाब सुरू होतात.

याचे शास्त्रीय कारण असे. प्रत्येक प्राण्याच्या आतड्यांत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि रोजच्या अन्नानुसार त्यांची रचना ठरते. अन्न एकाएकी बदलले की त्यांना जुळवून घेण्यास काही दिवस लागतात. तोवर न पचलेले अन्न आतड्यात पाणी ओढून घेते आणि विष्ठा पातळ होते. दुधाचे विशेष सांगितले पाहिजे. दुधातील साखर पचविण्यासाठी लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य लागते. पिल्लू आईचे दूध सोडते, तसतसे हे द्रव्य त्याच्या शरीरात कमी होत जाते. म्हणून मोठ्या कुत्र्यास दुधाने बहुधा जुलाब होतात. तूप आणि तळलेले पदार्थ यांचा धोका निराळा आहे. अति स्निग्ध अन्नाने स्वादुपिंडास सूज येऊ शकते. असे कुत्रे वारंवार उलट्या करते, पोटाला हात लावू देत नाही आणि पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर ठेवून वाकून राहते. हे दुखणे जिवावर बेतते.

दुसरे कारण मनाचे आहे. नवी जागा, नवी माणसे, नवे आवाज, गळ्यात पट्टा, यांमुळे कुत्रे भयभीत असते. भयाचा परिणाम मोठ्या आतड्यावर होतो. अशा वेळी ते वारंवार, थोडे थोडे, कुंथत शौच करते. विष्ठेत बुळबुळीत आव दिसते, क्वचित ताज्या रक्ताची रेघही असते. शांत कोपरा, ठराविक वेळा आणि कमी गर्दी हेच यावरील पहिले औषध. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना व नातेवाइकांना कुत्रे दाखविण्याचा सोहळा टाळावा.

तिसरे कारण जंत आणि इतर संसर्ग. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

पहिले दहा दिवस : अन्नाचा क्रम

कुत्रे आणताना पहिला प्रश्न विचारावा : "हे आजवर काय खात होते?" निवाऱ्यातून आणले असेल तर तेथील सेवकास विचारावे, गल्लीतून आणले असेल तर त्यास अन्न घालणाऱ्या व्यक्तीस विचारावे. पहिले दोन-तीन दिवस शक्य तो तेच अन्न चालू ठेवावे. त्यानंतर तीन भाग जुने आणि एक भाग नवे, दोन-तीन दिवसांनी अर्धे-अर्धे, मग एक भाग जुने आणि तीन भाग नवे, अशा क्रमाने सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. मध्येच विष्ठा पातळ झाली तर मागच्या पायरीवर यावे.

एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा. आपल्या घरात द्विदलाचा नियम पाळला जातो, त्यामुळे अन्नाच्या संयोगाचा विचार आपणास नवा नाही. कुत्र्याच्या बाबतीत याचा व्यावहारिक लाभ असा, की पोट बिघडलेच तर कोणत्या पदार्थाने बिघडले, हे लगेच कळते.

रस्त्यावर स्पर्धा करून जगलेले कुत्रे अधाशासारखे गिळते आणि लगेच न चावलेले अन्न बाहेर काढते. त्यास रागावू नये. अन्न मोठ्या परातीत पसरून द्यावे, म्हणजे त्यास सावकाश खावे लागते. दिवसाचे अन्न तीन-चार वेळांत विभागावे. शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी दिले तर रात्री निजण्याआधी ते शौचास जाऊन येते आणि घर स्वच्छ राहते. आपल्या घरांत ही वेळ सहज जमण्यासारखी आहे.

पाण्याचेही तसेच. नाल्याच्या आणि डबक्यांच्या पाण्यातून जिआर्डियासारखे परजीवी व इतर रोग येतात. गाळून, उकळून, निवविलेले पाणी हे आपल्या घरातील नित्याचे व्रत आहे. तेच पाणी कुत्र्याच्या भांड्यातही ओतावे. उकळल्याने जिआर्डियाचे कोष नष्ट होतात.

एक गंभीर सूचना. जे कुत्रे अनेक दिवस उपाशी राहून हाडांचा सापळा झाले आहे, त्यास एकदम पोटभर खाऊ घालणे प्राणघातक ठरू शकते. दीर्घ उपासमारीनंतर भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आदी क्षारांचे प्रमाण एकाएकी घसरते आणि हृदय बंद पडू शकते. अशा कुत्र्याचे अन्न पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. येथे पारण्याचा दृष्टान्त अक्षरशः लागू पडतो.

जुलाब लागले तर घरी काय करावे?

प्रथम विष्ठेकडे पाहू नये; कुत्र्याकडे पाहावे. मोठे, लस झालेले कुत्रे हुशार आहे, पाणी पिते आहे, हाक मारल्यावर शेपूट हलवीत येते आहे आणि दोन-तीनदा पातळ शौच झाली आहे, तर एक दिवस घरी पथ्यावर ठेवण्यास हरकत नाही.

पथ्य म्हणजे गुरगुट्या भात. त्यात मीठ नाही, मसाला नाही, फोडणी नाही, तूप नाही. भाताबरोबर साय काढलेल्या दुधाचे घरी केलेले, पाण्याने धुऊन निथळलेले थोडे पनीर द्यावे. पनीर करताना दुधातील बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते, म्हणून जे कुत्रे दूध सोसत नाही ते थोडे पनीर बहुधा सोसते. तीन भाग भात आणि एक भाग पनीर हे प्रमाण ठेवावे. चमचा-दोन चमचे उकडलेला लाल भोपळा मिसळला तर त्यातील तंतूंमुळे विष्ठा बांधून येण्यास मदत होते. दहा-बारा किलोच्या कुत्र्यास एका वेळी अर्धी वाटी पुरे, दिवसातून चार-पाच वेळा. विष्ठा बांधून आल्यावर आणखी दोन दिवस हेच द्यावे आणि मग चार-पाच दिवसांत हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणावे. हे पथ्याचे अन्न आहे, महिनोन्‌महिने देण्याचा परिपूर्ण आहार नव्हे.

पुष्कळदा मला विचारतात, "डॉक्टर, एक उपवास घडवला तर?" उपवास हे आपले तप आहे, ते संकल्पाने, समजून केले जाते. मुक्या प्राण्यास संकल्प नाही. उलट्या होत असलेल्या मोठ्या कुत्र्याचे अन्न काही तास थांबवावे, हे योग्य. परंतु पिल्लास उपाशी ठेवू नये. त्याच्या शरीरात साठा नसतो. रक्तातील साखर उतरून ते काही तासांतच निपचित पडते.

पाणी कधीही तोडू नये. एकदम भांडेभर पाणी पिऊन उलटी होत असेल तर थोड्या थोड्या वेळाने चार-पाच चमचे पाजावे. शरीरातील पाणी कमी झाले का, हे पाहण्याची सोपी रीत अशी : खांद्यांमधील सैल कातडी चिमटीत धरून वर उचलावी आणि सोडावी. ती चटकन खाली बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर पाणी बरेच घटले आहे. हिरड्या ओल्या व गुलाबी असाव्यात. बोटाने दाबलेली हिरडी पांढरी होते. दोन सेकंदांत तिचा रंग परत यावा.

आपल्या औषधांच्या डब्यातील एकही गोळी कुत्र्यास देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जठरात व्रण पडतात. पॅरासिटामॉल यकृतास व रक्तास घातक ठरू शकते. जुलाब बांधणाऱ्या गोळ्यांनी संसर्गाचे विष आतच कोंडले जाते. मागच्या वेळी उरलेले प्रतिजैविकही अंदाजाने देऊ नये.

घरी थांबू नये, अशी लक्षणे

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. कुत्र्यांच्या पिल्लांना पार्व्हो नावाचा विषाणुजन्य रोग होतो. १९७८ साली जगाला त्याची ओळख पटली. सहा आठवडे ते सहा महिने वयाची, लस न झालेली पिल्ले त्यास प्रामुख्याने बळी पडतात. संसर्ग झाल्यापासून साधारणतः तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात. या आकड्यात मोठी फसगत आहे. पिल्लू घरी येते तेव्हा खेळकर असते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यास उलट्या व जुलाब होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत अन्नबदलाचे साधे जुलाबही होत असतात. घरचे म्हणतात, "दूध बाधले असेल, उद्या बघू." उद्या विष्ठेत रक्त येते. परवा पिल्लू उठत नाही.

असे पिल्लू कापडात गुंडाळून आणलेले कुटुंब माझ्या दवाखान्यात दर पावसाळ्यात येते. बरोबर लहान मुले असतात. दोन दिवस त्यांनी घरी बडीशेपेचे पाणी पाजलेले असते, इसबगोल दिलेले असते, रात्र रात्र जागविलेली असते. त्यांच्या प्रेमात तिळमात्र उणीव नसते. उणीव असते ती फक्त दोन दिवसांची. पार्व्होवर उपचार न केल्यास बहुसंख्य पिल्ले दगावतात. वेळेवर सलाईन व इतर उपचार मिळाल्यास बहुसंख्य वाचतात. मधले अंतर काही तासांचे असते.

म्हणून नियम लक्षात ठेवावा. सहा महिन्यांखालील पिल्लास उलटी किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. लस झालेली नसेल आणि ते मलूल असेल तर त्याच तासाला न्यावे. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत पुढील लक्षणे दिसताच थांबू नये : विष्ठेत भरपूर रक्त किंवा डांबरासारखी काळी विष्ठा, वारंवार उलट्या आणि पाणीही पोटात न टिकणे, फुगलेले किंवा दुखरे पोट, नुसतेच ओकारे येणे, पांढुरक्या हिरड्या, १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, ग्लानी. रस्त्यावरची कुत्री पिशव्या, चिंध्या, हाडेही गिळतात. उलट्या होत आहेत आणि शौच मुळीच होत नाही, तर आतड्यात काही अडकले असण्याची शंका घ्यावी. एवढे काही नसले तरी अठ्ठेचाळीस तासांत जुलाब थांबले नाहीत, तर तपासणी हवीच. डॉक्टरांकडे जाताना त्याच दिवशीची थोडी विष्ठा स्वच्छ डबीत न्यावी. सूक्ष्मदर्शकाखालील पाच मिनिटांची तपासणी अनेक अंदाज वाचविते. मात्र कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, त्यास गिळता येत नसेल आणि वागणे एकाएकी बदलले असेल, तर तोंडात हात घालू नये. ते रेबीजचे लक्षण असू शकते.

पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावी लागते. एका मात्रेने काम भागत नाही. हा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि फिनेलने नष्ट होत नाही. एक भाग घरगुती ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून, त्या द्रावणाने फरशी दहा मिनिटे ओली ठेवून पुसावी. ज्या घरी पार्व्होने पिल्लू गेले, त्या घरी लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू काही महिने आणू नये.

जंतांच्या औषधाचा प्रश्न

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. अनेक श्रावक मला हळूच विचारतात, "डॉक्टर, जंतांचे औषध देणे म्हणजे हिंसा नव्हे काय?" हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्याविषयी मला आदर आहे. कृमी हे द्वीन्द्रिय जीव आहेत, हे आपण बालबोधातच शिकतो. काही औषधांनी जंत मरतात, काहींनी ते बधिर होऊन बाहेर पडतात. परंतु बाहेर पडल्यावरही ते जगत नाहीत. शब्दांचा आडोसा घेऊन मी आपली समजूत घालणार नाही.

वस्तुस्थिती तेवढी सांगतो. गोलकृमी पिल्लाच्या शरीरात आईच्या गर्भातूनच येतात. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात आणि आतड्यास चिकटून रक्त पितात. असे पिल्लू पोट फुगलेले, हिरड्या पांढऱ्या, हाडे दिसणारी, अशा अवस्थेत येते आणि उपचार न मिळाल्यास मरते. ते मेल्यावर त्याच्या पोटातील जंतही वाचत नाहीत. शिवाय गोलकृमींची अंडी बालकांच्या पोटात गेली तर त्यांच्या डोळ्यांनाही इजा होऊ शकते, आणि अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. आपल्या घरांत व मंदिराच्या आवारात आपण अनवाणी वावरतो, हे ध्यानात घ्यावे. गृहस्थासाठी शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले आहेत. हे औषध त्यांपैकी कोठे बसते, हे आपण त्यागीवर्गास विचारावे. तो माझा अधिकार नाही.

माझ्या शास्त्राचा एक उपाय मात्र आपल्या तत्त्वास थेट पूरक आहे. गोलकृमींची अंडी विष्ठेतून पडताच बाधक नसतात; त्यांना तशी होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. अंकुशकृमींच्या अळ्यांना आठवडाभर लागतो. म्हणून रोजची विष्ठा रोज उचलली, तर जंतांचे चक्र तेथेच तुटते, पुन्हा पुन्हा संसर्ग होत नाही आणि औषध देण्याचे प्रसंग कमी होतात. पट्टकृमी पिसवांतून येतात, म्हणून अंगाची व अंथरुणाची स्वच्छता ठेवावी. जीवोत्पत्ती होऊच नये अशी यतना करणे, हे आपणास मी शिकवावे असे नाही. पिल्लास वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी जंतांचे औषध द्यावे, आणि पुढील वेळापत्रक वजन व विष्ठेची तपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवावे, ही वैद्यकीय रीत आहे.

शाकाहारी घरातील कुत्रे

कुत्रे शाकाहारावर राहू शकेल काय, असाही प्रश्न असतो. २०१३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून त्याने आपले अन्न पचविण्याची क्षमता मिळविली आहे. मांजराचे तसे नाही. त्यास लागणारी काही आवश्यक द्रव्ये प्राणिज अन्नातूनच मिळतात, म्हणून मांजरावर शाकाहार लादू नये.

परंतु "राहू शकते" याचा अर्थ "पोळी-दुधावर राहू शकते" असा नव्हे. नुसत्या पोळी-भातावर ठेवलेल्या कुत्र्यास प्रथिने, कॅल्शियम व अन्य घटक कमी पडतात. शाकाहारच द्यावयाचा असेल, तर कुत्र्यासाठी खास बनविलेला परिपूर्ण शाकाहारी आहार पशुवैद्यकांच्या सल्ल्याने निवडावा, बदल सावकाश करावा आणि वजन व रक्त वेळोवेळी तपासावे. पिल्लू आणि गाभण कुत्री यांच्या बाबतीत अधिक सावध असावे. हा विचार कुत्रे घरी आणण्यापूर्वी व्हावा.

आपल्या स्वयंपाकघराचा एक मोठा लाभही सांगतो. कांदा व लसूण हे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. आपल्या घरी ते नसतातच. मात्र बाहेरून आणलेल्या फरसाणात त्यांची पूड असते. मनुका, बेदाणे आणि द्राक्षे मात्र आपल्याकडे घरोघरी असतात, विशेषतः आपल्या सांगली-तासगावच्या परिसरात. त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्यातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते; तेच आम्ल चिंचेत आहे, म्हणून चिंचेची आमटीही नको. प्रसादाच्या शिऱ्यातील चार बेदाणे प्रेमाने भरवू नयेत. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्याही घातक आहेत.

समारोप

बंधुभगिनींनो, अन्नदान हे आपल्याकडे चार दानांपैकी एक मानले जाते. औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही उरलेली तीन. घरी आणलेल्या एका कुत्र्याच्या ठायी ही चारही दाने एकत्र येतात. मोजून दिलेला मऊ भात हे अन्नदान. वेळेवर दिलेली लस हे औषधदान. मुलांना समजावून सांगितलेली ही माहिती हे ज्ञानदान. आणि जुलाब झाले म्हणून त्यास परत न सोडणे, हे अभयदान.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने एक लहानसा उपक्रम करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. जे कुटुंब कुत्रे दत्तक घेईल, त्यास एक छापील पत्रक द्यावे. त्यावर अन्नबदलाचा दहा दिवसांचा क्रम, तातडीच्या लक्षणांची यादी, लसींच्या तारखा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी असावा. पत्रकाचा खर्च अल्प आहे. ते पत्रक वाचून एखादे पिल्लू चौथ्या दिवशीच दवाखान्यात पोचले, तरी त्या खर्चाचे सार्थक होईल. पत्रकातील मजकूर मी विनामूल्य लिहून देईन, आणि ज्यांना शंका असतील त्यांच्यासाठी सभेनंतर येथेच थांबेन.